उल्रिकाची ताठ मान : 'दि एमिग्रंट्स'मधली मोनिका सेटरलुंड आणि दुय्यम भूमिकेचं काम

प्रश्न असा आहे : यान त्रोएल यांचे 'दि एमिग्रंट्स' (१९७१) आणि 'द न्यू लँड' (१९७२) हे स्वीडिश चित्रपट सलग पाहिले. कार्ल ऑस्कर आणि क्रिस्तिना हे मुख्य शेतकरी जोडपं करणाऱ्या मॅक्स फॉन सिडो आणि लिव उलमन यांच्यासमोर मोनिका सेटरलुंडच्या उल्रिकाला पडद्यावर त्यामानाने थोडाच वेळ मिळतो, तरी ती डोक्यातून जात नाही. हे कशामुळे होतं? आणि दुय्यम भूमिका करणाऱ्या नटीने त्यातून नेमकं काय उचलावं?

उत्तराचा गाभा आधी सांगतो. उल्रिका प्रेक्षकाकडे सहानुभूती मागत नाही, म्हणून ती लक्षात राहते. आणि ही भूमिका चित्रपटाला हवी आहे, कारण क्रिस्तिना किती बदलली हे आपल्याला उल्रिकाकडे पाहूनच कळतं. दुय्यम भूमिकेचं मोल नटीला किती वाक्यं आली यावर करू नये. तिच्यामुळे मुख्य पात्राच्या वागण्यात काय हललं, ते बघावं. हा निकष लावला तर सेटरलुंडचं काम या दोन्ही चित्रपटांत उलमनच्या कामाइतकंच आवश्यक आहे, असं माझं ठाम मत आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. विल्हेल्म मोबेर्ग यांनी १९४९ ते १९५९ या काळात लिहिलेल्या चार कादंबऱ्यांवर हे दोन चित्रपट बेतले आहेत. काळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा, गाव दक्षिण स्वीडनमधल्या स्मोलांड प्रांतातलं. शेतात मातीपेक्षा दगड जास्त. कार्ल ऑस्कर आणि क्रिस्तिना यांची थोरली मुलगी उपासमारीच्या दिवसांत दगावते आणि हे कुटुंब अमेरिकेला निघतं. मिनेसोटात तळ्याकाठी पडीक जमीन मोडून ते नवं शेत उभं करतात. क्रिस्तिनाचा मामा डानियल वेगळ्या कारणाने निघतो. पाद्र्याशिवाय घरात प्रार्थनासभा घ्यायला स्वीडनमध्ये १७२६ पासून कायद्याने बंदी होती, ती १८५८ मध्ये उठली. डानियल असल्या सभा घेतो आणि गावाने टाकलेल्या माणसांना घरात आसरा देतो. त्यांत उल्रिका आहे. गावाच्या लेखी ती वेश्या. एलिन ही तिची मुलगी, लग्नाशिवाय झालेली. म्हणजे एकाच गलबतातून पोटासाठी निघालेले, धर्मासाठी निघालेले आणि गावाच्या तोंडातून सुटण्यासाठी निघालेले अशी तीन तऱ्हेची माणसं जातात. क्रिस्तिना श्रद्धाळू, पापभीरू. उल्रिकाच्या शेजारी बसायचंसुद्धा तिच्या जिवावर येतं.

भूमिकेत भरपूर ऐवज आहे आणि म्हणूनच ती धोक्याची आहे. कादंबरीतली उल्रिका लहानपणीच पोरकी झालेली. पोरक्या मुलाला पोसायला जो कमीत कमी पैसे मागेल त्याच्या घरी ते मूल द्यायचं, अशा लिलावात ती दिली गेली आणि तिथेच तिच्यावर अत्याचार झाले. एवढी पूर्वकथा हातात आली की कुठलीही नटी पहिल्याच प्रवेशात डोळ्यांत पाणी आणते. सेटरलुंड उलट करते. ती जखम दाखवत नाही, जखमेवर धरलेली खपली दाखवते : मोठं हसू, चढा आवाज, समोरच्याच्या डोळ्यात डोळा. ज्या बाईकडे गाव मान खाली घालून बघायची अपेक्षा करतं, ती मान खाली घालतच नाही. हा एकच निर्णय पहिल्या चित्रपटभर टिकवून धरला आहे. दुसऱ्या चित्रपटात ती मवाळ होते तेव्हा तिला अमेरिकेत काय मिळालं हे आपल्याला संवादाशिवाय समजतं.

सेटरलुंड शिकून आलेली रंगभूमीची नटी नव्हती, जाझ गायिका होती, हा मुद्दा पुष्कळदा 'नैसर्गिक अभिनय' म्हणून गुंडाळला जातो. तो तसा सोडून देऊ नका. ती १९३७ मध्ये हागफोर्स या पोलाद कारखान्याच्या गावात जन्मली, वादकाच्या घरात वाढली आणि लहान वयात बँडबरोबर गाऊ लागली. १९६४ मध्ये पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रिकुटासोबत केलेली तिची ध्वनिमुद्रिका जाझ ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे. शिवाय साठच्या दशकात हान्स आल्फ्रेडसन आणि तागे डानियल्सन या विनोदकारांच्या रंगमंचीय प्रहसनांत आणि चित्रपटांत तिने काम केलं होतं. म्हणजे ती कॅमेऱ्यासमोर कोरी आली नव्हती. तिच्याकडे दोन पक्की हत्यारं होती. एक, लयीच्या किंचित मागे राहून शब्द टाकायची गायकी. दुसरं, हशा कुठे पिकतो आणि तो कुठे तोडायचा याची प्रहसनातून आलेली जाण.

पहिल्या हत्याराचा उपयोग बघा. आपल्याकडे नाट्यपद गाणाऱ्यांना शब्द मागे ठेवून समेवर सापडणं माहीत असतं. तीच गोष्ट बोलण्यात केली की समोरच्याला वाटतं, या बाईला घाई नाही. ज्याला उत्तर द्यायची घाई नसते तो घाबरलेला नसतो. सरावासाठी जोडीदाराने टोचणारं वाक्य टाकावं. तुम्ही मनात दोन मात्रा मोजा, त्या दोन मात्रांत नजर हलवू नका, पापणी लवली तरी चालेल, मग बोला. पहिल्या दिवशी हे विराम घेतल्यासारखं, नाटकी दिसेल. कारण सोपं आहे : त्या दोन मात्रांत तुम्ही वाट बघता. वाट बघायची नाही, ऐकलेलं आत उतरू द्यायचं. समोरच्याच्या वाक्यातला कुठला शब्द लागला, तो मनात निवडा. शब्द निवडला की विराम आपोआप भरतो. वीसेक वेळा केल्यावर मोजणं सुटतं.

आता गलबतावरचा उवांचा प्रसंग. नटीने संपूर्ण चित्रपटातून एकच प्रसंग अभ्यासायचा ठरवला तर हा घ्यावा. गलबत शार्लोटा, प्रवास आठवड्यांमागून आठवडे लांबलेला, खालच्या मजल्यावर कोंदट अंधार, अंथरुणं एकमेकांना लागलेली. क्रिस्तिनाला अंगावर उवा सापडतात आणि ती सरळ उल्रिकावर आळ घेते : ही घाण हिनेच आणली. उल्रिका खवळते, स्वतःला तपासायला लावते, आणि तिच्या अंगावर काही नसतं. उवा आहेत त्या क्रिस्तिनाच्या, नेकीने जगलेल्या बाईच्या अंगावर.

शरीराच्या पातळीवर हे समजून घ्या, नाहीतर प्रसंग भांडणाचा होऊन संपतो. अंगावरच्या उवा कपड्याच्या शिवणीत राहतात आणि अंडीही तिथेच घालतात. त्यामुळे ज्याला खरोखर शोधायचं आहे त्याचा हात केसांकडे जाण्याआधी काखेची शिवण, कमरेची पट्टी, गळ्याची घडी इथे जाईल. तालमीत पुष्कळ जणी डोकं खाजवतात, तिथेच प्रसंग खोटा पडतो. क्रिस्तिना करणारीने शिवण उलटून बघावी. उल्रिका करणारीने आपलीच शिवण स्वतः पुढे करावी. वस्तू हातात आली की आवाज चढवायची गरज निम्म्याने कमी होते.

आणि उल्रिकाचा राग कसला, हे आधी ठरवा. घाणेरडी म्हटल्याचा राग असेल तर प्रसंग उथळ होतो, कारण ते तिला आयुष्यभर ऐकून पाठ झालं आहे. सेटरलुंडच्या रागात आणखी एक थर आहे. या बोटीवर सगळे सारखेच निर्वासित, गाव मागे राहिलं, असं तिने धरलं होतं. क्रिस्तिनाच्या एका वाक्याने ते गाव पुन्हा समोर उभं राहतं. त्यामुळे ती रागावते तेव्हा रागाच्या मागोमाग दुखावलेपण येत नाही, येतो तो हिशेब. अंगावर उवा नाहीत हे सिद्ध झाल्यावरचा क्षण तर परीक्षेचाच. इथे विजयी हसू आलं की प्रेक्षक उल्रिकाच्या बाजूचा राहत नाही. नरम चेहरा केला की क्रिस्तिनाला पुढे बदलायला कारण उरत नाही. चेहरा बंद ठेवावा लागतो. तुम्ही खरं ठरलात, आणि त्याने काहीच बदललं नाही, असा.

बदल होतो तो पुढे, अमेरिकेत उतरल्यावर. आगबोटीच्या एका थांब्यावर क्रिस्तिनाची लहान मुलगी मार्ता हरवते आणि ती उल्रिकाला सापडते. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ही जुनी, पक्की युक्ती आहे : वैऱ्यानेच उपकार करावा. ती ढोबळ वाटत नाही याचं श्रेय दोघी नटींना आहे. उल्रिका करणारीपुढे इथे मोठा मोह असतो, मूल हातात देताना 'बघ, मी कशी आहे' असं डोळ्यांनी सांगण्याचा. तो टाळायचा उपाय असा की मूल देण्याची क्रिया पूर्ण व्यावहारिक ठेवायची. मुलाचं वजन खरं धरा : दोन-तीन वर्षांचं मूल दहा-बारा किलोंचं असतं, ते कडेवरून उतरवताना पाठ वाकते, श्वास फुटतो, नजर मुलाच्या पायाकडे जाते. शरीर कामात गुंतलं की चेहऱ्याला दिखावा करायला फुरसत मिळत नाही. तालमीला खरं मूल नसेल तर दहा किलोंची तांदळाची गोणी शालीत गुंडाळून घ्या. रिकामी बाहुली घेऊ नका, तिने हात खोटं बोलतात.

'द न्यू लँड'मध्ये क्रिस्तिनाच्या अमेरिकेतल्या पहिल्या बाळंतपणाला उल्रिका सुईण म्हणून येते. गलबतावर जिच्या अंथरुणाजवळ झोपायला किळस वाटत होती, तिच्याच हातात आता स्वतःचं शरीर सोपवायचं. पाहताना एकच गोष्ट मोजा : दोघींमधलं अंतर. पहिल्या चित्रपटात त्या एका गाडीत बसूनही एकमेकींपासून दूर आहेत, बोटीवर दाटीने जवळ आणून ठेवल्या आहेत, आणि इथे स्पर्श आपखुशीचा आहे. अंतराचा हा आलेख डोळ्यांना दिसतो, संवादांत कुठेही सांगितलेला नाही. सेटरलुंड इथे हुकूम सोडणाऱ्या बाईच्या थाटात आहे, आणि ते अचूक आहे. बाळंतिणीला माया दाखवणारी सुईण लागत नाही, काय करायचं ते ठाऊक असलेली लागते. मायाळू सूर लावला असता तर प्रसंग पातळ झाला असता.

पुढे उल्रिका बॅप्टिस्ट धर्मोपदेशक जॅक्सनशी लग्न करते. सभ्य कपडे, टोपी, समाजात जागा. या वळणावर बहुतेक नट्या नवीनच व्यक्ती उभी करतात : आवाज हळू, चाल मोजकी, हात जुळवलेले. सेटरलुंड जुन्या बाईवर नवा पोशाख चढवते. हसणं तेच राहतं, तोंडाळपणाही तसाच. बदललेलं एवढंच की आता ती समोरच्याच्या डोळ्यात बघते तेव्हा तिथे मारामारी नसते. तुम्ही अशी भूमिका करत असाल तर शरीराच्या एका गोष्टीला शेवटपर्यंत हात लावू नका. चाल, हसू, बसण्याची ढब, काहीही एक. ती गोष्ट प्रेक्षकाला दोन्ही टोकं जोडून देते.

त्रोएल यांच्या पद्धतीचाही यात वाटा आहे. ते स्वतः दिग्दर्शक, स्वतः छायालेखक आणि संकलकही स्वतःच. कॅमेरा त्यांच्याच हातात असल्याने त्यांची नजर बोलणाऱ्यावर खिळलेली नसते. कुणी बोलत असताना ऐकणाऱ्याचा चेहरा, काम करणारे हात, कडेला उभं मूल हे सगळं चौकटीत येतं. अशा दिग्दर्शकाकडे दुय्यम नटीला केव्हा टिपलं जाईल याचा भरवसा नसतो. मग उपाय एकच : वाक्य नसतानाही कामात असणं. गाठोडं बांधणं, चूल फुंकणं, मुलीची वेणी घालणं. काम निवडताना ते अर्धवट थांबवता येईल असं निवडा. मध्येच थांबलेला हात कॅमेऱ्याला फार बोलका वाटतो. एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते : एलिनची भूमिका सेटरलुंडच्या खऱ्या मुलीने, एवा-लेना सेटरलुंडने केली आहे. दोघींच्या एकत्र चौकटींत मायलेकीचं नातं 'दाखवावं' लागत नाही, त्यामुळे आईच्या बाकी वागण्याला कडकपणा परवडतो. तुमच्या नाटकात मुलीची भूमिका परक्या मुलीकडे असेल तर तालमीपूर्वी तिला रोज पंधरा मिनिटं जेवू घालणं, केस विंचरणं असं काही करा, संवाद न म्हणता.

चुका कुठे होतात? सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'वाईट चालीची बाई' या साच्यातून सुरुवात करणं : कमरेत लचक, ओठ मुडपलेले, आवाजात ओढून आणलेला खट्याळपणा. आपल्या रंगभूमीवर आणि पडद्यावर हा साचा इतका घोटलेला आहे की हात आपोआप तिकडे जातो. उल्रिकासाठी देह हा पोटापाण्याचा व्यवहार होता. व्यवहार सुटल्यावर ती त्याची जाहिरात का करील? दुसरी चूक, प्रवेश चोरणं. हसू मोठं आहे म्हणून ते प्रत्येक वाक्याला लावलं की उलमनच्या जागी उभ्या असलेल्या नटीला खेळायला काही उरत नाही. सेटरलुंड हसू खर्चाच्या पैशासारखं मोजून वापरते. लवकर विरघळणं ही तिसरी चूक, आणि ती चांगल्या नट्यांकडून होते, कारण त्यांना पात्र आवडू लागलेलं असतं. संहितेवर पेन्सिलने एक रेघ मारून ठेवा : या पानाआधी क्रिस्तिनाला माफी नाही.

अभ्यासाला बसण्याआधी आवृत्ती तपासा. मूळ 'दि एमिग्रंट्स' ३ तास ११ मिनिटांचा आहे. अमेरिकेत तो काटछाट करून सुमारे अडीच तासांचा दाखवला गेला होता. कापलेल्या प्रतीवर उल्रिकाचा अभ्यास करू नका. मुख्य कथा टिकवायची म्हटली की कात्री आधी दुय्यम पात्रांच्या शांत क्षणांवर चालते, आणि तिचं निम्मं काम तिथेच आहे. 'द न्यू लँड'ही तीन तासांच्या वरचा आहे. दोन्ही वेगवेगळ्या दिवशी बघा.

पहिल्यांदा नुसतं बघा. दुसऱ्यांदा उल्रिका असलेले प्रवेश आवाज बंद करून बघा आणि वहीत फक्त चार गोष्टी लिहा : क्रिस्तिनापासून किती अंतर, कोण कुणाकडे बघतं, नजर आधी कोण काढून घेतं, हातात काय आहे. तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून फक्त ऐका. स्वीडिश येत नसली तरी चालेल, उलट बरंच. आवाजाची उंची, वेग आणि वाक्याआधीची थांबणूक कानाला स्पष्ट लागते. उपशीर्षकं वाचताना डोळा पडद्याच्या तळाशी जातो आणि नेमका तोच क्षण निसटतो, म्हणून हा खटाटोप. शेवटी वहीतल्या नोंदी दोन्ही चित्रपटांच्या क्रमाने एका पानावर उतरवा. नजर आधी कोण काढून घेतं, या एका रकान्यातून अख्खी मैत्री वाचता येते.

पोशाखाबद्दल एक सूचना, कारण इथे आपल्याकडे नेहमी गल्लत होते. स्थलांतरित शेतकरी बायकांचा प्रवेश बसवताना सरावाला नऊवारी नेसली जाते. ती चालणार नाही. काष्ट्यामुळे पाय मोकळे राहतात, पाऊल लांब पडतं आणि बसणं-उठणं झपाट्याने होतं. त्या बायकांच्या अंगावर घोट्यापर्यंतचा जाड लोकरी घोळ होता. त्यात पाऊल आखूड पडतं, जिना चढताना एक हात कायम घोळ उचलण्यात जातो, ओला झाला की वजन दुप्पट वाटतं. जाड कापडाचा घोळदार परकर शिवा, खालच्या पट्टीत थोडं वजन घाला आणि पहिल्या तालमीपासून तोच घाला. पायात लाकडी तळाचं पादत्राण. एवढ्यानेच चाल बदलते, वेगळी 'लकब' शोधावी लागत नाही.

तुलनेसाठी एरिक पोप्पे यांनी २०२१ मध्ये याच कथेवर केलेला चित्रपट बघता येईल. तो कथा क्रिस्तिनाच्या बाजूने सांगतो, आणि त्यात उल्रिका टोव्ह लो या गायिकेने केली आहे. म्हणजे दोन्ही वेळा या भूमिकेसाठी गाणाऱ्या बाईकडे गेले. मला ते योगायोगाचं वाटत नाही. या पात्राला आवाजाची भीड नसलेली बाई लागते, आणि श्वासावर ताबा असलेली.

ऑडिशनसाठी तुकडा निवडायचा झाला तर उवांचा प्रसंग मोहात पाडेल, पण तो एकट्याने होत नाही, समोर तयारीची क्रिस्तिना हवी. एकटीला जायचं असेल तर बाळंतपणाचा प्रसंग स्वतः मराठीत लिहा : फक्त सुईणीची वाक्यं, जास्तीत जास्त बारा, सगळी कामाची. पाणी आण, दिवा इकडे धर, पाय इथे टेकव, आता ओरड. दीड मिनिटाच्या वर जाऊ देऊ नका. बाराही वाक्यांत मैत्रीचा उल्लेख येता कामा नये, आणि तरी परीक्षकाला बाजेवर कोण आहे आणि ती तुमची कोण लागते, हे समजलं पाहिजे. समजत नसेल तर वाक्यं वाढवू नका, आधी बाजेपासून तुम्ही किती दूर उभ्या आहात ते तपासा.